वाऱ्याचं वेळापत्रक पाठ असलेले सरखेल

शनिवारी पहाटे लोणावळ्याहून बाइक काढायची, घाट उतरायचा, खोपोली-पेण करत नाश्त्याच्या वेळेला अलिबाग गाठायचं. मावळातल्या कॉलेजच्या पोरापोरींना हा बेत नवा नाही. हल्ली त्यात एक भर पडलीय, ती निघण्याआधी मोबाइलवर समुद्राचा अंदाज बघण्याची. लाट किती उंच, एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी, वारा जमिनीकडून वाहणार की पाण्याकडून, भरती किती वाजता. सर्फिंगची चटक लागलेले तर याच्याही पुढे जातात. त्यांना ‘पॉइंट ब्रेक’ हवा असतो. म्हणजे जमिनीचं एखादं टोक समुद्रात घुसलेलं असतं, लाट त्याला वळसा घालायला जाते आणि टोकापासून सुरू होऊन एका कडेने उलगडत गेल्यासारखी फुटत जाते. तशी जागा आणि तसा दिवस एकदम मिळणं म्हणजे लॉटरीच.

तीनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एक माणूस नेमका हाच हिशेब रोज करत होता. त्यांना लाटेवर स्वार व्हायचं नव्हतं. आज समुद्र आपल्या बाजूने आहे की समोरच्या जहाजाच्या, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. सरखेल कान्होजी आंग्रे. शाळेच्या पुस्तकात मराठा आरमाराच्या धड्यात त्यांच्यावर चार ओळी असतात, मुंबईतल्या नौदलाच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ असं त्यांचं नाव आहे, आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांचं चित्र म्हणजे कायम जहाजावर उभा असलेला दर्यावर्दी. पण त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा पाण्यावर झालाच नाही. तो झाला घाटमाथ्यावर, लोणावळ्याजवळच्या वळवणला. जिथे आज टाटांचं धरण आहे, त्या वळवणला.

तिथे पोचायला थोडं मागे जावं लागेल.

आंग्रे हे मूळचे संकपाळ. पुण्याकडच्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडलं. म्हणजे घराणं खरं तर घाटावरचं. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि त्यांची नेमणूक सुवर्णदुर्गावर होती. दापोलीजवळ हर्णैच्या समोर, पाण्यातल्या खडकावर बांधलेला हा किल्ला. कान्होजी १६६९ च्या सुमारास जन्मले आणि याच किल्ल्याच्या आसपास वाढले. बेटावरच्या किल्ल्यात वाढलेल्या पोराला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. किनाऱ्यावरून घरी कधी जाता येईल हे तीच ठरवते.

ही मंडळी वेळ कशी काढत? कोकणात एक साधा हिशेब आहे, तो आजही चालतो. चालू पंधरवड्यातली तिथी घ्या, तिला तीनने गुणा, चारने भागा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी हे सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हे गणित घड्याळाशी बऱ्यापैकी जुळतं, एकदा ताडून बघा. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी चढणारही जास्त आणि उतरणारही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे दोन्ही बेताचं. अॅप नाही, नेटवर्क नाही, फक्त चंद्र.

वाऱ्याचंही असंच. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा फिरतो आणि जमिनीकडून पाण्याकडे वाहायला लागतो, ते मतलई वारे. नववीच्या भूगोलात आपण हे दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. किनाऱ्यावरच्या माणसासाठी ते येण्या-जाण्याचं वेळापत्रक होतं. पहाटेच्या मतलईवर होडी बाहेर काढायची, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. आणि या दोहोंच्या मधे, एक वारा पडून दुसरा सुरू होण्याआधी, एक निवांत वेळ असते. पाणी काचेसारखं, शिडं लोंबकळलेली. सर्फरना पहाटेचा मतलई प्यारा, कारण जमिनीकडून आलेला वारा लाटेचं तोंड ताठ धरून ठेवतो. कान्होजींना या पडलेल्या वाऱ्याचं मोल जास्त होतं. का, ते पुढे येईलच.

१६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणातले किल्ले एकामागून एक हातातून जायला लागले. एका बाजूने मुघल, दुसऱ्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी. सुवर्णदुर्गाचा किल्लेदारच फितूर होऊन किल्ला द्यायला निघाला होता आणि तरुण कान्होजींनी लोकांना हाताशी धरून तो वाचवला, असं सांगतात. गोष्टीतलं किती खरं आणि किती नंतर चढलेलं, ते जाऊ द्या. एवढं मात्र नक्की, की पुढच्या आठ-नऊ वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर मराठ्यांचं जे काही उरलं ते टिकवणाऱ्यांत हे नाव सगळ्यात पुढे आलं. १६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि सरखेलपद कान्होजींकडे आलं. वय तिशीच्या आत.

त्यांच्याकडे होतं काय? मोठी जहाजं नव्हतीच. गुराब आणि गलबत, ही दोन मुख्य वाहनं. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज. तीन डोलकाठ्यांचं असलं तरी तीनशे टनांच्या आसपासचं. रुंद, पण तळ उथळ, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी जिथे इंग्रजांचं जहाज वाळूत रुतेल तिथून हे आरामात आत जाई. पुढच्या नाळेवर तोफा, समोर मारा करणाऱ्या. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा असो नसो, तासाला चार मैल. चार मैल म्हणजे चालण्याचाच वेग, हसू येईल. पण वारा पडलेला असताना समोरचं जहाज शून्य मैलांनी जात असतं.

हीच ती युक्ती. भल्यामोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात. मागच्या बाजूला जवळपास काही नसतं. वारा पडला की ते जहाज तोंड वळवू शकत नाही. मग गलबतं दोर लावून गुराबांना ओढत नेणार, पाठीमागून जवळ जाणार, डोलकाठ्यांवर मारा करणार, आणि शिडं निकामी झाली की गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढणार. यात शौर्य आहेच. पण शौर्याच्या आधी कुणीतरी किनाऱ्यावर उभं राहून ठरवलेलं असतं की आज वारा साधारण किती वाजता पडेल. माझ्या मते कान्होजींची खरी ताकद ती होती, आणि आपल्याकडच्या पोवाडा-छापाच्या लिखाणात नेमकी तीच वगळली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे जागांची निवड. विजयदुर्गचा नकाशा उघडून बघा. वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेलं टोक, त्यावर किल्ला. जयगड तसाच, शास्त्री नदीच्या मुखाशी. खोल समुद्रातून येणारी लाट उथळ पाण्यात आली की मंदावते, वळते आणि टोकाभोवती एकवटते; टोकाच्या मागची खाडी मात्र शांत राहते. सर्फरच्या भाषेत पॉइंट ब्रेक. तोफांचं जहाज घेऊन आलेल्या कप्तानाच्या दृष्टीने हीच जागा म्हणजे डोकेदुखी. जवळ यावं तर खडक आणि फुटणारी लाट, लांब नांगर टाकावा तर जहाज डोलतंय, बुरुजावर नेम धरायचा कसा? आणि किल्ल्यामागच्या खाडीत आंग्र्यांची गलबतं निवांत उभी. हे किल्ले सगळे कान्होजींनी बांधलेले नाहीत, बरेचसे शिवाजी महाराजांच्या काळातले किंवा त्याही आधीचे. पण समोरचा फेस आणि मागची शांतता या दोन्ही एकत्र वापराव्यात कशा, हे त्यांनी दाखवून दिलं.

त्यांनी समुद्रावर दस्तक चालू केली. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने परवाना घ्यायचा, पैसे भरायचे, मग त्याला हात लावणार नाही. पोर्तुगीज हे दोनशे वर्षं करत होते, इंग्रजही करत होते. पण मराठी माणसाने केलं तेव्हा त्याला चाचेगिरी म्हटलं गेलं. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख सर्रास समुद्री लुटारू असाच येतो. दस्तक न घेता जाणारी जहाजं ते पकडत, माल ठेवून घेत, माणसांसाठी खंडणी मागत, हे खरंच आहे. त्या काळच्या समुद्रावर कोण हे करत नव्हतं, हा प्रश्नही तितकाच खरा. १७१२ च्या नोव्हेंबरात तर त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची खासगी नौकाच पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीचा अधिकारी थॉमस चाऊन होता, तो लढाईत मेला. त्याची तरुण बायको कॅथरीन कुलाब्याला कैदेत राहिली आणि तीस हजार रुपये मोजल्यावर १७१३ च्या फेब्रुवारीत सुटली. हे वाचताना आजही बरं वाटत नाही. नायकाच्या आयुष्यातली अशी पानं फाडून टाकण्यापेक्षा तशीच वाचावीत.

आता घाटमाथ्याकडे वळू.

औरंगजेब १७०७ मध्ये मेला, शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या. एकीकडे साताऱ्याला शाहू, दुसरीकडे ताराबाई आणि मग कोल्हापूरचे संभाजी. कान्होजी कोल्हापूरच्या बाजूला राहिले. नुसते राहिले नाहीत, तर घाट चढून वर आले. राजमाची घेतली, लोहगड घेतला. राजमाचीवरून बोरघाटाची वाट दिसते, लोहगडावरून इंद्रायणी आणि पवनेची खोरी. या दोन किल्ल्यांवर ज्याची माणसं, त्याच्या परवानगीशिवाय कोकणातून पुण्याकडे बैलही जाणार नाही. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना फौज देऊन पाठवलं. कान्होजींनी फौजेचा पराभव केला आणि पेशव्यालाच कैद केलं. साताऱ्याला हादरा बसला. आता कान्होजी थेट राजधानीवर येणार अशी हवा झाली.

तेव्हा शाहू महाराजांनी ज्या माणसाला पुढे केलं तो होता बाळाजी विश्वनाथ भट. मूळचा श्रीवर्धनचा, म्हणजे कोकणातला, सिद्दीच्या जाचाने घाटावर आलेला. १७१३ च्या नोव्हेंबरात त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि लढण्यापेक्षा बोलणं बरं हे त्याने ठरवलं. १७१४ च्या फेब्रुवारीत वळवणला कान्होजी आणि बाळाजी विश्वनाथ भेटले.

फेब्रुवारीच का, हा प्रश्न इथे मला महत्त्वाचा वाटतो. कान्होजी जिंकलेले होते. पेशवा कैदेत, मावळचे मोक्याचे किल्ले हातात. असा माणूस तहाला का बसेल? इतिहासाची पुस्तकं बाळाजी विश्वनाथाच्या मुत्सद्देगिरीला श्रेय देतात, आणि ते रास्त आहे. पण कान्होजींच्या बाजूने कॅलेंडर मांडून बघा. समुद्राचा मोसम नारळी पौर्णिमेनंतर उघडतो आणि वैशाखाच्या अखेरीला, आगोट जवळ आली की मिटतो. जेमतेम आठ-नऊ महिने. नैऋत्येचा वारा एकदा सुरू झाला की गुराब काय आणि गलबत काय, सगळं खाडीत ओढून शाकारून ठेवावं लागतं. आता घाटावरच्या लढाईचा मोसम बघा. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाआधी परत. म्हणजे तेच आठ महिने! घाटावर लढत बसायचं तर समुद्रावरचा मोसम वाया, आणि समुद्रावर सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज तिघेही वाट बघत बसलेले. दस्तकीचं उत्पन्नही त्याच आठ महिन्यांत यायचं. एकाच माणसाला एकाच मोसमात दोन्हीकडे लढता येणार नव्हतं. राजमाचीवर उभं राहून पश्चिमेला बघितलं, तर आपण मागे काय सोडून आलोय हे त्यांना कळत असणार. हा माझा अंदाज, कागदात तसं लिहिलेलं नाही. पण फेब्रुवारीत मोसमाचे तीनेक महिने हातात होते, हे काही अंदाजाने सांगावं लागत नाही.

तह झाला. कान्होजींनी संभाजींची बाजू सोडून शाहूंचं छत्र मानलं, पिंगळ्यांना सोडलं, राजमाचीखेरीज घेतलेला मुलूख परत केला. लोहगड सुटला. बदल्यात सरखेलपद कायम झालं आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी, त्यांच्याखालच्या गावांसह, त्यांच्याकडे राहिली. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग. म्हणजे थोडक्यात, घाट दिला आणि किनारा घेतला. पाठीमागचा दरवाजा मित्राच्या हातात देऊन पुढच्या दारात उभं राहायचं. कान्होजींसारख्या कुणाच्याही हाताखाली राहायची सवय नसलेल्या माणसाने हे केलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं. लगेचच दोघांनी मिळून सिद्दीकडे मोर्चा वळवला आणि त्यालाही नमतं घ्यायला लावलं.

या सौद्याचा कस पुढच्या सात-आठ वर्षांत लागला. १७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला आणि आंग्र्यांना संपवायचंच अशा जिद्दीने त्याने लढाऊ जहाजं बांधायला काढली. मग मोहिमांची रांगच लागली. विजयदुर्गावर हल्ला, हात हलवत परत. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर हल्ला. हे बेट थळच्या किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटर आत, सगळीकडून खडक, होडी लावायला जागा अगदी मोजकी. तिथूनही परत. १७२० मध्ये किल्ल्यांवर मारा करायला म्हणून मुंबईत एक तरंगता तोफखाना बांधला, ‘फ्राम’ नावाचा, आणि तो विजयदुर्गासमोर आणून उभा केला. किल्ल्याचं फार काही बिघडलं नाही.

शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. १७२१ चा डिसेंबर. इंग्लंडहून राजाच्या आरमाराची चार युद्धनौका आल्या होत्या, कमोडोर थॉमस मॅथ्यूज त्यांचा प्रमुख. जमिनीवर दोघांचे मिळून सहा हजार सैनिक, चौलहून अलिबागकडे सरकत आलेले. लक्ष्य होतं कुलाबा. अलिबागच्या समुद्रातला हा किल्ला तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय, ओहोटीला चालत जाता येतं आणि परतीला उशीर झाला की चपला हातात घेऊन पळावं लागतं. वेढा घालणाऱ्या फौजेचीही अडचण तीच. जमिनीवरून किल्ल्याला भिडायला दिवसातले मोजके तास मिळतात. भरतीबरोबर किल्ल्याचं पुन्हा बेट होतं, आणि मोठ्या जहाजांना तिथलं पाणी भरतीतही पुरेसं खोल नाही. मॅथ्यूजच्या चार युद्धनौकांच्या तोफा किल्ल्यापासून लांबच राहिल्या.

आणि मग घाटातून फौज उतरली. शाहू महाराजांची, पिलाजी जाधवांबरोबर. मागोमाग बाजीराव, बाळाजी विश्वनाथाचा मुलगा, वय एकवीस. वळवणला तह झाला तेव्हा हा तेरा वर्षांचा होता. ज्या वाटा कान्होजींनी सात वर्षांपूर्वी सोडून दिल्या, त्याच वाटांच्या मुलखातून ही मदत आली. पोर्तुगीजांच्या बाजूवर मराठ्यांचे घोडेस्वार तुटून पडले, त्यांची फळी मोडली, इंग्रजांनाही मागे हटावं लागलं. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका घोडेस्वाराचा भाला लागला. पोर्तुगीजांनी पुढच्याच महिन्यात मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज त्यांच्या नावाने बोटं मोडत मुंबईला परतले. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावलं. निकाल तोच.

या सगळ्या वर्षांत कान्होजी अलिबाग वसवत होते. त्यांच्या नाण्याला अलिबागी रुपया म्हणत. त्यांच्याकडे कोळी, भंडारी होते तसेच युरोपीय गोलंदाजही होते, पगार दिला की झालं. माणूस व्यवहारी होता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते कान्होजींच्या आयुष्यातलं नाही. त्यांच्यामागे मुलांमध्ये भाऊबंदकी लागली, घर दोन ठिकाणी फुटलं, एक कुलाब्याला, एक विजयदुर्गला. विजयदुर्गच्या तुळाजी आंग्र्यांचं पेशव्यांशी पटलं नाही. १७५६ मध्ये इंग्रज समुद्राकडून आले आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून. टोक तेच होतं, लाटाही त्याच. या वेळी मागचा दरवाजा बंद होता. विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं. महिना फेब्रुवारीच होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. जो नैऋत्येचा वारा आगोटीला कान्होजींचा समुद्र बंद करायचा, तोच वारा पुढे सरकून सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, निवतो आणि लोणावळ्यावर कोसळतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. भुशीच्या पायऱ्यांवरून जे पाणी वाहतं आणि ज्यासाठी रविवारी आपण तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकतो, ते अलिबागच्या कोळ्याला घरी बसवणाऱ्या वाऱ्याने आणलेलं असतं. आजही १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था रोज लाटांचा अंदाज देते, उधाणाचे इशारे देते; तुमच्या अॅपमधले आकडे उपग्रह आणि संगणकावरच्या गणितातून येतात. त्या काळी हे सगळं माणसांच्या तोंडून यायचं. कुठल्या बाजूला ढग धरलाय, पाण्याचा रंग कसा बदललाय, खडकावर लाट कुठल्या आवाजात फुटतेय. ते लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून सरखेलांच्या लढायांच्या तारखा आपल्याकडे आहेत आणि त्या त्या दिवशीचा वारा मात्र नाही.

४ जुलै १७२९ ला कान्होजी आंग्रे वारले. आषाढातले दिवस, समुद्र बंद. गुराबं-गलबतं खाडीत वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवलेली. त्यांची समाधी अलिबागमध्येच आहे, बाजारापासून चालत जाण्याएवढी जवळ. महिना-दीड महिन्याने नारळी पौर्णिमा आली, नारळ पाण्यात पडला, आणि थोरला मुलगा सेखोजी याच्या हुकमाने आरमार पुन्हा बाहेर पडलं.